पार्ट स्वतःच्या हातानं उतरव

प्रिय पोरी,

परवा तुझी रचना वाजली त्या कार्यक्रमाबद्दल तू लिहिलेलं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. तिसऱ्या भागात व्हायोलिनवाल्यांना पान उलटायचं होतं, नेमकी त्याच बारला, तालाच्या त्याच खंडाला, क्लॅरिनेटची एंट्री होती. दोन व्हायोलिनं मागं राहिली, त्यांच्या आधारानं येणारं क्लॅरिनेट आलंच नाही, मग बाकीचेही भरकटले, आणि तू चौथ्या रांगेत बसून ऐकत राहिलीस. 'मला आत जे ऐकू येत होतं त्यातलं काहीच वाजलं नाही' हे तुझं वाक्य दोन दिवस मनातून जात नाहीये. यापुढं लिहायचं ते लॅपटॉपपुरतंच, माणसांच्या नादी लागायचं नाही, असंही तू ठरवून टाकलंयस.

ते ठरवणं थोडं लांबणीवर टाक. आधी तुला एका फ्रेंच माणसाबद्दल सांगू दे. संगीतकार एक्तोर बेर्लिओझ. तुझ्या वयात त्याच्यावर हेच बेतलं होतं, आणि त्यातून तो जे शिकला त्याच्या जोरावर आजचा ऑर्केस्ट्रा उभा आहे असं मी मानतो.

जन्म 11 डिसेंबर 1803 चा. गाव ला कोत-सेंत-आंद्रे, लियाँ आणि ग्रनोब्लच्या मधलं, आल्प्सची रांग लांबवर दिसणारं. वडील डॉक्टर, विचारांनी मोकळे, पण मुलानंही डॉक्टरच व्हावं यावर ठाम. घरात मुलगा बासरी शिकला, गिटार शिकला. पियानो मात्र कधीच शिकला नाही, आणि हे लक्षात ठेव, कारण पुढं मला त्याकडं परत यायचंय. 1821 मध्ये वैद्यकी शिकायला तो पॅरिसला गेला. शवविच्छेदनाच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा कोपऱ्यात उंदीर रक्ताळलेले मणके कुरतडत होते, चिमण्या फुफ्फुसांच्या तुकड्यांवरून भांडत होत्या. त्यानं खिडकीतून उडी टाकली ती थेट घर गाठलं. दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून परत गेला, काही काळ नेटानं अभ्यासही केला. पण त्याच शहरात ऑपेरा होता. तिथं त्यानं ग्लुक या संगीतकाराचा 'इफिजेनी' ऐकला, आणि मग दिवसा कॉन्झर्व्हातुआरच्या, म्हणजे पॅरिसच्या संगीतविद्यालयाच्या, ग्रंथालयात बसून ग्लुकचे स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं संगीत, हातानं उतरवून काढायचे हाच त्याचा खरा अभ्यास झाला. वैद्यकी सुटली. घरून येणारे पैसे कधी यायचे, कधी बंद व्हायचे. आई तर त्याच्या या निर्णयानं पार दुखावली. पोट भरायला त्यानं एका नाट्यगृहाच्या कोरसमध्येही गायलं.

आता तुझ्या परवाच्या संध्याकाळीची गोष्ट. विशीतल्या बेर्लिओझनं एक मास लिहिला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीचं संगीत, मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी आणि गायकवृंदासाठी. पॅरिसच्या सेंट-रॉक चर्चमध्ये तो व्हायचा होता. पार्ट, म्हणजे एकेका वादकासाठी वेगळं लिहिलेलं संगीत, उतरवायचं काम चर्चच्या संगीतशिक्षकानं आपल्या विद्यार्थ्यांकडून फुकटात करून घेतलं. डिसेंबर 1824 मध्ये तालीम ठरली. भलामोठा समुदाय येणार असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात आले वीस गायक, बारा मुलं, नऊ व्हायोलिनं, एक व्हायोला, एक ओबो, एक हॉर्न, एक बासून. तरीही वाजवायला घेतलं. कुठं फ्लॅटची खूण राहिलेली, कुठं शार्पची, कुठं दहा बारची विश्रांती गायब, कुठं सलग तीस बार लिहायलाच विसरलेले. सगळा नुसता कल्लोळ. तालीम मोडली, कार्यक्रम रद्द झाला.

त्यानं पुढं काय केलं ते बघ. त्या मुलांवर चिडून तो बसून राहिला असता तर कुणी नावं ठेवली नसती. त्यानं मास जवळजवळ नव्यानं लिहिला आणि मग प्रत्येक वाद्याचा प्रत्येक पार्ट स्वतःच्या हातानं उतरवला. एका मित्राकडून 1200 फ्रँक उसने घेतले, आणि 10 जुलै 1825 रोजी तोच मास त्याच चर्चमध्ये व्यवस्थित वाजला. नंतर त्याला तो कच्चा वाटला आणि त्यानं जाळून टाकल्याचं लिहून ठेवलं. पण एका व्हायोलिनवादक मित्राला त्यानं हस्तलिखित देऊन ठेवलं होतं, ते 1991 मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या एका चर्चमध्ये सापडलं. दीडशेहून अधिक वर्षं ते कागद पडून होते.

पार्ट उतरवणं हे हमालीचं काम आहे असं तुला वाटतं, मला माहीत आहे. तू बटण दाबलंस आणि प्रिंटरमधून बावीस पानं बाहेर आली. एकाही पानावर तू वादकाच्या डोळ्यांनी नजर फिरवली नाहीस. मी तुला दोष देत नाही, कारण मी अठ्ठावीस वर्षांचा असताना हेच केलं होतं. माझी पहिली स्वतंत्र अरेंजमेंट, मुंबईतला एक स्टुडिओ, सकाळची शिफ्ट, बत्तीस म्युझिशियन. पार्ट दुसऱ्याकडून उतरवून घेतले होते. क्लॅरिनेटचे पार्ट त्यानं पियानोच्या सुरातच लिहिले, आणि बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्यापेक्षा एक स्वर खाली बोलतं. पहिलाच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजला आणि काचेपलीकडचे सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला चूक कळायला वीस मिनिटं लागली, कारण पार्ट मी पाहिलेच नव्हते. दुरुस्ती करेपर्यंत शिफ्ट संपली. रात्री घरी येऊन ते सगळे पार्ट मी पुन्हा लिहिले. तेव्हा कळलं की दुसऱ्या क्लॅरिनेटला मी श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती. स्कोअरमध्ये ती चूक कधीच दिसली नसती. पार्ट उतरवताना माझाच श्वास अडकला तेव्हा ती दिसली.

बेर्लिओझ एकदा धडा घेऊन कायमचा शहाणा झाला असं समजू नकोस. 1830 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर, 'सिम्फनी फान्तास्तिक' नुकतीच लिहून झाली होती. तालमीला त्यानं एकशे तीस वादक बोलावले. या वेळी पार्ट बरोबर होते. पण खुर्च्या पुरेशा नव्हत्या, स्टँड नव्हते. एवढी माणसं एवढ्याशा रंगमंचावर बसवायची कशी याचा विचारच झाला नव्हता. कुणी खुर्ची मागतंय, कुणी स्टँड, आणि नाट्यगृहाची माणसं हताश. तोही कार्यक्रम बारगळला. म्हणून सांगतो, हॉल ठरला की आधी तिथं जा आणि खुर्च्या मोज.

ती सिम्फनी अखेर 5 डिसेंबर 1830 ला कॉन्झर्व्हातुआरमध्ये वाजली. बेर्लिओझ सत्तावीस पुरे करायला सहा दिवस कमी होते, आणि बेथोव्हेनला जाऊन जेमतेम पावणेचार वर्षं झाली होती. एका आयरिश नटीवर, हॅरिएट स्मिथसनवर, तो तिला न भेटताच वेडा झाला होता. 'हॅम्लेट'मधल्या ऑफिलियाच्या भूमिकेत तिला रंगमंचावर पाहिलं तेवढ्यावर. ते वेड या पाच भागांत उतरलंय. प्रेयसीची एकच धून प्रत्येक भागात येते, दर वेळी वेगळ्या वेशात. शेवटच्या भागात तीच धून छोट्या ई-फ्लॅट क्लॅरिनेटवर चेटकिणीसारखी किंचाळत येते. पण त्या शेवटच्या भागाबद्दल सगळेच बोलतात. तू तिसऱ्या भागाचा शेवट ऐक, रात्री, हेडफोन लावून.

तिसरा भाग रानातला. सुरुवातीला एक गुराखी इंग्लिश हॉर्नवर साद घालतो. इंग्लिश हॉर्न म्हणजे ओबोचाच मोठा भाऊ, थोडा घोगरा, थोडा उदास. त्याला दुसरा गुराखी ओबोवर उत्तर देतो, आणि बेर्लिओझनं लिहिलंय की हा ओबो रंगमंचामागं बसवायचा. मग मधे खूप काही घडतं. शेवटी पहिला गुराखी परत तीच साद घालतो. थांबतो. उत्तर येत नाही. उत्तराच्या जागी टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांचे चार वादक मिळून लांबवरचा गडगडाट वाजवतात, अगदी हळू. तो पुन्हा साद घालतो. पुन्हा गडगडाट. ओबो परत येतच नाही. आमच्या घराच्या गॅलरीत बसून मी हे पहिल्यांदा कॅसेटवर ऐकलं तेव्हा आईनं जेवायला हाक मारली आणि मला ओ देता येईना.

आता हाच प्रसंग वादकांच्या बाजूनं बघ. गडगडाटाला एक टिंपनीवादक पुरला नसता, कारण त्याला ढोलाची नुसती घुमार नको होती, सुरांचा पूर्ण कॉर्ड हवा होता. म्हणून चार माणसं. काठ्यांची टोकं स्पंजची हवीत असं त्यानं पार्टमध्ये लिहून ठेवलं, कारण लाकडी टोकानं ढग जवळ आला असता. ओबोवाला मागं बसतो तर त्याला कंडक्टरचा हात दिसायची सोय हवी, आणि परत जागेवर यायला वेळ हवा. हे एकेक उत्तर त्यानं आधी शोधलं, तेव्हा कुठं आपल्याला रानातलं एकटेपण ऐकू येतं. तुझ्या तिसऱ्या भागातही एक साद आहे, मी रेकॉर्डिंगमध्ये ऐकली. चांगली आहे. फक्त ती घालणाऱ्या माणसाला तू काहीच सांगितलेलं नाहीस.

पियानोची गोष्ट इथं येते. पियानो येत नसल्यामुळं त्याला कॉन्झर्व्हातुआरमध्ये शिकवायचं काम मिळालं नाही, ग्रंथपालाच्या जागेवर समाधान मानावं लागलं. तरी तो म्हणायचा की बोटांच्या सवयीतून सुटलो हे नशीब. नाहीतर हात जिकडं वळले असते तिकडं संगीत गेलं असतं. तुझी बोटं माऊसवर आहेत. सॉफ्टवेअरमधलं व्हायोलिन चाळीस बार एका बोईंगमध्ये, म्हणजे गजाच्या एका ओढीत, ओढतं, त्याला दम लागत नाही, पान उलटायचं नसतं. ते तुला खोटं बोलतं. आठवड्यातून एकदा तरी लॅपटॉप मिटून कोऱ्या कागदावर लिही. एका वाद्यासाठी आठ बार लिही आणि ते वाद्य वाजवणाऱ्याकडं जाऊन त्याला विचार. बेर्लिओझही वादकांना विचारत फिरायचा. त्याचा वाद्यांवरचा मोठा ग्रंथ 1840 च्या दशकात आला, तो याच विचारपुशीतून, आणि साठएक वर्षांनी रिखार्ड श्ट्राऊस या जर्मन संगीतकाराला त्यात भर घालून तो पुन्हा काढावासा वाटला. आपल्याकडं मुंबईत गोव्याहून आलेले वादक चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेले असत. अरेंजरनं लिहिलेला पार्ट समोर आला की त्यातले जुने लोक हळूच सांगायचे, 'हे इथं बसत नाही, इथून घ्या.' त्यांचं ऐकलं तेवढंच मला येतं.

आता तुझी चौथी रांग. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

1834 मध्ये बेर्लिओझनं 'हॅरोल्ड इटलीत' ही सिम्फनी लिहिली, सोलो व्हायोलासाठी. मुळात नामवंत व्हायोलिनवादक पागानिनीनं मागितली होती, पण पहिल्या भागातल्या लांब विश्रांती पाहून त्यानं नाद सोडला. त्याला सतत वाजवायला हवं होतं. 23 नोव्हेंबर 1834 ला पहिला प्रयोग झाला, दुसऱ्या कंडक्टरच्या हाताखाली. दुसऱ्या भागात यात्रेकरूंची मिरवणूक आहे, त्यात लांबच्या देवळाची घंटा वाजावी तसे सूर हॉर्न आणि हार्प देतात. लोकांना तो भाग इतका आवडला की पुन्हा वाजवायला लावला. दुसऱ्या खेपेला हार्पवाला बार मोजताना चुकला. कंडक्टरनं त्याला सावरून घ्यायचं सोडून ऑर्केस्ट्राला ओरडून सांगितलं, शेवटचा कॉर्ड घ्या! मधले पन्नासएक बार गाळून सगळे शेवटावर जाऊन पडले. बेर्लिओझ तिथं बसून ऐकत होता. तुझ्यासारखाच.

तेव्हा त्यानं ठरवलं की आपलं संगीत आपणच उभं राहून वाजवून घ्यायचं. काठी हातात घ्यायला तो कुणाकडं शिकला नव्हता. चुकत चुकत शिकला, आणि युरोपातल्या पहिल्या मोठ्या कंडक्टरांपैकी एक झाला. पुढं त्या ग्रंथाच्या 1855 च्या आवृत्तीला त्यानं कंडक्टरच्या कामावर एक प्रकरण जोडलं. त्यात काठी हलकी, अर्ध्या मीटरची आणि शक्यतो पांढरी असावी इथपर्यंत लिहिलंय; गडद रंगाची काठी मागच्या वादकाला कशी दिसणार? ज्या ऑर्केस्ट्राचे डोळे काठीवर नाहीत त्याला कंडक्टर नाहीच, असंही तो म्हणतो. व्हायोलिनवाल्यांची तालीम वेगळी, फुंकवाद्यांची वेगळी, मग सगळ्यांची एकत्र, ही पद्धत त्यानं नेटानं राबवली. 1840 मध्ये दोनशे लष्करी बँडवाल्यांना घेऊन पॅरिसच्या रस्त्यांतून मिरवणूक निघाली तेव्हा तो हातात तलवार घेऊन, वादकांकडं तोंड करून उलटा चालत कंडक्ट करत होता.

आणि 16 डिसेंबर 1838. 'हॅरोल्ड' पुन्हा वाजली, या वेळी बेर्लिओझच्या स्वतःच्या हाताखाली. पागानिनीनं ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. घशाच्या आजारानं त्याचा आवाज गेलेला, मुलगा बापाच्या ओठांशी कान नेऊन त्याचं म्हणणं सांगत होता. पागानिनी सगळ्या वादकांदेखत बेर्लिओझपुढं गुडघ्यांवर बसला. दोन दिवसांनी त्याच्याकडून 20,000 फ्रँक आले. त्या पैशांतून कर्जं फिटली, आणि पुढच्या वर्षी 'रोमिओ आणि ज्युलिएट' ही सिम्फनी झाली. संगीत तेच होतं, 1834 चं. बदलला होता तो समोर उभा राहिलेला माणूस.

तू घाबरतेस, हे मला माहीत आहे. हात थरथरतील. थरथरू देत. ते संगीत कसं असायला हवं हे त्या खोलीत फक्त तुला माहीत आहे. तू चौथ्या रांगेत बसलीस तर ते कुणालाच माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवणार नाही. सगळं आपणच करायचं म्हटलं की त्याची किंमत पडते, आणि बेर्लिओझनं ती फार मोजली. हॉलचं भाडं, वादकांचे पैसे, पार्टांची नक्कल, सगळं त्याच्या खिशातून. 1846 च्या डिसेंबरात 'फाउस्ट' या त्याच्या मोठ्या रचनेचे दोन प्रयोग अर्ध्या रिकाम्या नाट्यगृहात झाले आणि तो कर्जात बुडाला. रशियाच्या दौऱ्यानं त्याला वर काढलं. पोटासाठी त्यानं जवळजवळ तीस वर्षं वर्तमानपत्रात संगीतसमीक्षा लिहिली आणि तिचा मनापासून तिटकारा केला. 'ले त्रोयाँ' हा त्याचा सगळ्यात मोठा ऑपेरा, पाच अंकांचा. 1863 मध्ये त्याचा फक्त दुसरा अर्धा भाग रंगमंचावर आला, तोही कापाकापी करून. पूर्ण ऑपेरा त्यानं कधी पाहिलाच नाही. त्याचा एकुलता एक मुलगा 1867 मध्ये हवानामध्ये पीतज्वरानं गेला, आणि 8 मार्च 1869 ला तो स्वतः.

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट आणखी वेगळी आहे. आठवणींत तो लिहितो: एका रात्री स्वप्नात त्याला एक सिम्फनी ऐकू आली. जाग आली तेव्हा पहिला भाग जवळजवळ सगळा आठवत होता, दोन मात्रांचा, ए मायनरमध्ये. लिहायला म्हणून तो टेबलाशी निघाला, आणि मनात हिशेब सुरू झाला. ही लिहायला घेतली तर तीन-चार महिने जातील. तेवढे दिवस लेख होणार नाहीत, पैसे येणार नाहीत. पार्ट उतरवायलाच हजार-बाराशे फ्रँक. मग कार्यक्रम करावासा वाटेल, त्यातून निम्मा खर्चही निघणार नाही. हॅरिएट, जिच्याशी अखेर त्याचं लग्न झालं होतं, ती आता अंथरुणाला खिळलेली. तिच्या औषधांना पैसे कुठून येणार? त्यानं पेन ठेवून दिलं. दुसऱ्या रात्री सिम्फनी परत आली, आणखी स्पष्ट. त्यानं ती गुणगुणली, उठायला निघाला, आणि पुन्हा मन आवरून पडून राहिला. सकाळी उठला तेव्हा ती गेलेली होती. कायमची.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपलं माणूस आजारी असताना केलेल्या हिशेबाला बाहेरच्यानं नावं ठेवू नयेत. पण पोरी, तुझ्याकडं अजून तो हिशेब आलेला नाही. तुझं वय बावीस, घरी आई-बाबा खंबीर आहेत, डोक्यावर कर्ज नाही. नंतर येईल, सगळ्यांकडंच येतो. तेव्हा आठ बार तरी चिठोऱ्यावर लिहून ठेवत जा, पुढचं नंतर बघता येतं. आज मात्र एका फसलेल्या संध्याकाळीसाठी तू स्वतःहून पेन ठेवायला निघालीयस, ते मला सहन होत नाही.

रविवारी सकाळी नऊला घरी ये. स्कोअर आण, लॅपटॉप आणू नकोस. टू-बी पेन्सिल, खोडरबर आणि फूटपट्टी आण. स्टाफचे कागद माझ्याकडं भरपूर आहेत. तिसऱ्या भागाचे सगळे पार्ट तू माझ्यासमोर उतरवायचेस, पहिल्या व्हायोलिनपासून. पान कुठं उलटायचं ते आधी ठरवू, विश्रांतीच्या जागी. व्हायोलिनचं बोईंग मी सांगेन, पण खूण तू करायचीस. दुपारी काकू पिठलं-भात करणार आहे. परवाच्या क्लॅरिनेटवाल्या मुलाला मी काल फोन केला होता. त्यालाही ते लागून राहिलंय. त्याची एंट्री कुणी दाखवणार आहे का, एवढंच त्यानं विचारलं. तू दाखवशील असं मी त्याला सांगितलंय. चार वाजता तो वाद्य घेऊन येतोय.

तुझा,
काका